थांबलेल्या गाडीतलं पेट्रोल

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका गॅरेजात लोखंडी फळीवर पाण्याची रिकामी बाटली ठेवली होती आणि तिच्यात एका जुन्या स्कूटरच्या टाकीतून काढलेलं पेट्रोल होतं. सप्टेंबर महिना, आदल्या आठवड्यात पावसानं शहर झोडपून काढलेलं. बाटलीत दोन थर सरळ दिसत होते. वर नारिंगी, खाली फिकट, मधे स्वच्छ रेघ. स्कूटरचा मालक तावातावानं सांगत होता, “बघा, पाव बाटली पाणी! पंपवाल्यानं पाणी विकलंय.” एकजण मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढत होता, दोघं-तिघं आपापल्या गाडीचं ॲव्हरेज किती पडलं ते मोजत होते. मिस्त्री कार्ब्युरेटर उघडण्यात गुंतलेला. तो मान वर न करता एवढंच म्हणाला, “तेवढं पाणी नाहीये ओ काका ते.” त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. व्हिडिओ निघाला, पुढे गेला, आणि एव्हाना तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत असेल कोण जाणे.

मिस्त्री बरोबर होता, आणि तेच डोक्यातून जाईना. कारण त्या खालच्या थरात पाणी होतं खरं, पण बरंचसं इथेनॉल होतं. इथेनॉल म्हणजे उसापासून किंवा धान्यापासून बनणारं अल्कोहोल, आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. हे इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, तोवर सगळं एकजीव दिसतं. दहा टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा साधारण लिटरमागे पाच मिलीच्या आसपास असते, वीस टक्क्यांत त्याहून जास्त. ती ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर खाली बसतं. पाणी काही चमचेच असतं, पण सोबत आलेल्या इथेनॉलमुळे थर दिसतो पाव बाटलीचा. शिवाय थंडीत ही मर्यादा आणखी कमी होते. दुपारी एकजीव असलेलं पेट्रोल पहाटे फुटू शकतं. आणि वर जे उरतं त्याचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची ताकद, घसरलेला असतो, कारण ऑक्टेन वाढवणारं इथेनॉलच तळाला गेलेलं असतं. म्हणजे वरचं घ्या नाहीतर खालचं, इंजिनाला दोन्ही नकोच.

इथेनॉल नव्हतं तेव्हाचं पाणी साधं होतं. ते पेट्रोलशी फटकून राहायचं, थेंब थेंब तळाला बसायचं. स्कूटर एका अंगावर कलती करून, चोक ओढून, चार किका मारूनही सुरू झाली नाही की कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सोडायचा, वाटीतला पाण्याचा मणी बाहेर पडायचा आणि गाडी मार्गाला लागायची. आताचं पेट्रोल एका अर्थी जास्त सहनशील आहे, कारण किरकोळ ओलावा ते पोटात घालून इंजिनात जाळूनही टाकतं. पण मर्यादा सुटली की एकदम सुटते, आणि मग स्क्रू सोडून भागत नाही. अख्खी टाकी रिकामी करावी लागते. वरून दोन लिटर नवीन पेट्रोल घालून थर पुन्हा एकजीव होईल ही आशा फोल आहे, आणि गाडीच्या टाकीतल्या इंधन-पंपाची जाळी नेमकी तळाशीच असते, म्हणजे तो ओढतो खालचाच थर.

व्हायरल होणारी दुसरी गोष्ट म्हणजे ‘पाणी घालून बघा’ ही चाचणी. ती चाचणी चांगली आहे, लोक निष्कर्ष चुकीचा काढतात. काचेचं शंभर मिलीचं मोजपात्र घ्या, दहा मिली पाणी घाला, वर शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल. झाकण लावून हलवा, मधे एकदोनदा वाफ सोडा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. हे उघड्यावर आणि विस्तवापासून लांबच करायचं, हे वेगळं सांगायला नको. खालची पाण्याची रेघ दहावरून सव्वीस-अठ्ठावीसच्या आसपास चढली तर पेट्रोल वीस टक्क्यांचं आहे. नव्वद मिलीत अठरा मिली इथेनॉल, ते पाण्यात उतरलं. थोडं पेट्रोलमध्येच राहतं आणि पाणी-इथेनॉल मिसळल्यावर आकारमान जरा आकसतं, म्हणून आकडा अठ्ठावीसला तंतोतंत भिडत नाही. यात भेसळ कुठेच सिद्ध होत नाही, फक्त टक्केवारी कळते. पाणी न घालता, नुसतं बाटलीत काढून ठेवल्यावर थर दिसले तर मात्र गडबड आहे. पंपावरची घनतेची चाचणी इथे फारशी कामाची नाही, कारण इथेनॉलची घनता घनमीटरला ७८९ किलो आणि पेट्रोलची साधारण ७४०. वीस टक्के मिसळून आकडा दहाएकानं वाढतो, तरी तो नेहमीच्या मर्यादेतच राहतो.

मग पाणी आलं कुठून? हवेतल्या दमटपणानं टाकीत पाणी साचतं असं सगळीकडे सांगतात. ते खोटं नाही, पण ती वाट फार संथ आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत तर आणखीच. बहुतेक वेळा पाणी सरळ झाकणातून येतं. मोटरसायकलच्या टाकीचं झाकण उघडून पाहा. तोंडाच्या भोवती एक खोलगट कडं असतं आणि त्यात एक बारीक भोक. कड्यात साचलेलं पावसाचं पाणी त्या भोकातून टाकीच्या आतून जाणाऱ्या नळीनं खाली रस्त्यावर पडावं, ही सोय. आपल्याकडच्या धुळीनं आणि काळ्या मातीनं ते भोक बुजतं. मग पाऊस पडला किंवा वॉशिंग सेंटरवाल्यानं जोरात फवारा मारला की कड्यात तळं होतं आणि ते रबराच्या कडेनं आत झिरपतं. पावसाळ्याआधी त्या भोकात पातळ तार घालून वरून पाणी ओतायचं, खाली थेंब पडले की काम झालं. रबर कडक झालं असेल तर झाकणाचं रबर बदलायचं. इथेनॉलवर तासभर भांडण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम जास्त उपयोगी आहे असं मला वाटतं, पण त्याचा व्हिडिओ कोण बघणार.

इथेनॉलची आणि पाण्याची ही सलगी कारखान्यापासूनच सुरू होते. आसवनीत कितीही उकळलं, कितीही उंच स्तंभ उभारला, तरी वजनाच्या साधारण ९५.६ टक्क्यांच्या पुढे शुद्धता जात नाही. उरलेलं पाणी इथेनॉलबरोबरच उकळून वर येतं. ते काढायला आण्विक चाळणी लागते. तिच्यातल्या खड्यांची छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा कण आत अडकतो आणि इथेनॉलचा बाहेरच राहतो. तेव्हा कुठे ९९.६ टक्क्यांचं, इंधनात चालणारं इथेनॉल हाती येतं. ते टँकरनं तेल कंपन्यांच्या डेपोत जातं. आपल्याकडे पाकणीच्या डेपोत, तिथे पेट्रोलमध्ये मिसळलं जातं आणि पंपावर पोहोचतं. डेपोत आग विझवायचा फेसही वेगळा ठेवावा लागतो, कारण साधा फेस अल्कोहोलवर टिकत नाही, विरघळतो. एवढा आटापिटा करून पाणी काढलेलं इथेनॉल शेवटी बुजलेल्या भोकाच्या टाकीत येऊन पडतं.

आणि त्याच्याही आधीचं पाणी उसाला लागणारं, उजनी धरणाचं. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. मे महिन्यात ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी वाचत शहर चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट बघतं, आणि त्याच वेळी अकलूज, माढा, पंढरपूरकडचा ऊस हिरवागार उभा असतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात हिशेब दिला आहे, उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे साधारण २,८६० लिटर पाणी. मोटारीत चाळीस लिटर पेट्रोल भरलं की त्यात आठ लिटर इथेनॉल, म्हणजे तेवीस हजार लिटरच्या आसपास पाणी. दहा हजारांचे दोन टँकर आणि वर काही. अर्थात हा हिशेब सरसकट लावता येत नाही. मळीपासूनचं इथेनॉल हे साखरेचं उपउत्पादन, तिथे सगळं पाणी इथेनॉलच्या नावावर टाकणं अन्यायाचं. शिवाय अलीकडे देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून, मुख्यतः मक्यापासून येतं. आणि इथेनॉलचे पैसे कारखान्याला साखरेपेक्षा लवकर मिळतात, त्यामुळे उसाचं बिल वेळेवर निघायला मदत होते, हेही ऊसवाल्या घरात कुणी नाकारणार नाही. त्याच घरातल्या पोराची बाईक मात्र सकाळी सुरू होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ओसरीवर ऐकायला मिळतात.

ॲव्हरेजचं काय, हा प्रश्न सगळ्यात मोठ्यानं विचारला जातो.

लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलला शंभर धरलं तर दहा टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेशहाण्णव आणि वीस टक्क्यांना त्र्याण्णव. नीती आयोगाच्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकीसाठी सहा-सात टक्के आणि दुचाकीसाठी तीन-चार टक्के घट धरलेली आहे. पण आपली तुलना शुद्ध पेट्रोलशी नसते. २०२२ च्या जूनपर्यंत देशात दहा टक्के मिसळून झालं होतं, त्यामुळे ‘आधीचं’ म्हणून जे ॲव्हरेज लोकांच्या लक्षात आहे ते बहुधा दहा टक्क्यांचंच. तिथून वीसवर येताना ऊर्जेच्या हिशेबानं साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरक पडायला हवा. पंधराच्या ॲव्हरेजची मोटार साडेचौदावर. महिन्याला हजार किलोमीटर चालत असेल तर अडीच लिटर जास्त. वीसचं ॲव्हरेज बारावर आलं असं कुणी सांगत असेल तर त्यानं टायरमधली हवा, एअर फिल्टर, ब्रेक चिकटतोय का आणि सात रस्त्यावरच्या सिग्नलला एसी चालू ठेवून किती वेळ जातो, हे आधी बघावं. मोजायचं तर नीट मोजा. एकाच पंपावर, पहिल्यांदा नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, त्यापुढे ‘राउंड फिगर’ नको. तीनशे-चारशे किलोमीटरनंतर तसंच भरा, आणि अशा तीन टाक्यांची सरासरी घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा सोडून द्या.

तरीही साडेतीन टक्के म्हणजे साडेतीन टक्के, आणि ते गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तरच ते भरावं, असा लोकांचा सरळ ठोकताळा आहे, कारण तिथे पंपावर दोन्ही मिळतं आणि गाड्याही दोन्हींवर चालणाऱ्या असतात. आपल्याकडे नळी एकच आणि भावही एकच. इथेनॉलविरहित म्हणून सांगितलं जाणारं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल निवडक पंपांवर मिळतं, पण त्याचा भाव ऐकून माणूस स्कूटी ढकलत नेईल.

गाडी कुठली यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-धातूचे भाग वीस टक्क्यांना चालतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्यांसाठी पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर किंवा मॅन्युअल उघडून बघावं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर हवेच्या मानानं इंधन कमी पडतंय, म्हणजे मिश्रण पातळ झालंय, हे ओळखतो आणि संगणक इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. एवढी दुरुस्ती संगणकाच्या आवाक्यात असते. स्कॅनर लावला तर इंधनाची दुरुस्ती शून्याच्या वर पाच-आठ टक्के दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती वीस-पंचवीसवर पोचली आणि ‘पी०१७१’ हा मिश्रण फार पातळ असल्याचा कोड देऊन इंजिनाचा दिवा लागला, तर दोष एकट्या इथेनॉलचा नाही. फिल्टर तुंबलाय, पंप थकलाय किंवा कुठूनतरी जास्तीची हवा आत येतेय. जुन्या टाकीत बसलेला मळ इथेनॉल धुऊन काढतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. दहा-बारा वर्षांच्या गाडीला म्हणून फिल्टर ठरल्याआधी बदललेला बरा. पेट्रोलची नळी बदलायची वेळ आली तर दुकानदार देईल ती काळी नळी घेऊ नका. नळीवर छापलेलं वाचा. ‘एसएई जे३० आर९’ असेल तर आतला थर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा असतो. साधी नायट्राइलची नळी आधी फुगते, मऊ होते, मग एक दिवस क्लिपजवळ चिरते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, गरम इंजिनाच्या शेजारी पेट्रोलची गळती ही थट्टा नाही.

खरी अडचण कार्ब्युरेटरच्या गाड्यांची. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही, डोकं नाही. जेटचं, म्हणजे इंधनाच्या बारीक तोटीचं, भोक जेवढं तेवढंच इंधन तो सोडणार. त्यामुळे मिश्रण पातळ होतं, पिकअप घेताना गाडी अडखळते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट येते, प्लग काढला तर पांढरट दिसतो. उपाय अवघड नाही. निडलची, म्हणजे जेटमधल्या सुईची, क्लिप एक खाच खाली आणली की निडल वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलला इंधन वाढतं. आयडलला ट्युनिंगचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, पण कुठल्या दिशेला ते त्याच्या जागेवर ठरतं. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा, बाहेर सोडायचा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, आत घ्यायचा. एवढ्यानं भागलं नाही तर स्लो जेट, म्हणजे आयडलला इंधन देणारा जेट, एक नंबर मोठा. हे करायला चांगल्या मिस्त्रीला तासही लागत नाही, पण ‘सगळं इथेनॉलमुळे’ म्हणत प्लग, कॉइल, क्लच प्लेट अशी एकेक वस्तू बदलत बसणारेही आहेत.

फ्लोटची वाटी, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाची इंधन साठणारी वाटी, उघडण्याआधी एक करावं. तिचा ओ-रिंग नवा आणून खिशात ठेवावा. जुना रिंग इथेनॉल पिऊन फुगलेला असतो. उघडेपर्यंत तो खाचेत दाबून गप्प बसतो, काढला की बोटभर लांब होतो आणि पुन्हा काही केल्या खाचेत बसत नाही. वाटीच्या तळाला पांढरट-राखाडी भुकटी दिसली तर तो जस्त-ॲल्युमिनिअमचा गंज आहे, पाणी आणि इथेनॉलच्या खालच्या थरानं खाल्लेला. हीच भुकटी स्लो जेटमध्ये जाऊन बसते. जेट क्लीनरमध्ये भिजवून हवेनं फुंकावा, तार घालू नये. तारेनं मळ निघतो आणि भोकही मोठं होतं, मग ती गाडी कधीच नीट लागत नाही.

रोज चालणाऱ्या गाडीत यातलं निम्मंही घडत नाही. दर आठवड्याला पेट्रोल बदलतंय, तळाला काही बसायला उसंतच नाही. अशोक चौकातून रोज एमआयडीसीला जाणारी पंधरा वर्षांची मोटरसायकल तक्रार न करता चालते, आणि पोरगा पुण्याला नोकरीला गेला म्हणून कव्हर घालून ठेवलेली तिच्या निम्म्या वयाची गाडी दिवाळीला सुरू होत नाही. थांबवायचीच असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे वाटी कोरडी होते. कॉक नसलेल्या गाडीला वाटीचा स्क्रू सोडून निथळायची. लोखंडी टाकी एकतर काठोकाठ भरायची, नाहीतर पूर्ण रिकामी करून आत तेलाचा हात फिरवायचा. अर्धी टाकी सगळ्यात वाईट.

आणि गाड्यांवर एवढी चर्चा होते, त्यात एक यंत्र कुणाच्या लक्षात येत नाही. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागांमधले पाठीवरचे टू-स्ट्रोक फवारणी पंप. त्यांच्यासाठी पेट्रोलमध्ये लिटरला वीस-पंचवीस मिली टू-टी ऑइल मिसळून कॅन भरून ठेवायची सवय जुनी आहे. बहार धरला की पंप चालतो, मग महिनोन् महिने खोपटात लटकतो. त्या कॅनमध्ये पाणी शिरून थर झाला तर तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि खालच्या थरात तेलाचा अंशही जवळपास नसतो. पंप ओढतो नेमका खालचा थर. इंजिनाला वंगण मिळतं ते फक्त इंधनातूनच, त्यामुळे ते दोन-चार मिनिटं चालतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे घासून जागीच अडकतो. तसं नाही झालं तर डायाफ्राम, म्हणजे कार्ब्युरेटरमधला लवचीक पडदा, कडक होतो, प्रायमरचा रबरी फुगा चिरतो. म्हणून मिश्रण त्या दिवसापुरतंच करावं, कॅन हवाबंद घ्यावा, त्यावर मार्करनं तारीख लिहावी. बहार संपला की टाकी ओतून द्यावी, इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं, चोक लावून पुन्हा एकदा दोरी ओढावी, प्लग काढून आत तेलाचे चार थेंब सोडावेत आणि दोरी हळूहळू दोनदा ओढून प्लग लावून टाकावा. डायाफ्रामचं किट आधीच आणून ठेवलेलं बरं. डाळिंबावरच्या तेल्या रोगाची लक्षणं दिसायला लागली की फवारणी दोन दिवस पुढे ढकलता येत नाही, आणि स्पेअर पार्टचं दुकान रविवारी बंद असतं.